त्या उन्हाळ्यांत मी कुठे होतो

सॅन होजे, कॅलिफोर्निया
९ सप्टेंबर २०२५

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पथकाचा लक्ष्मी रोडवरचा व्हिडिओ पोचला. ताशांनी उठाव घेतला आणि मागून सगळे ढोल एकदम पडले, तेवढा तुकडा मी पुन्हा पुन्हा ऐकतोय. खाली तू विचारलंयस, की कॉलेजात असताना माझं उन्हाळ्यात पुण्याला येणं बंद झालं, तेव्हा मी ड्रम घेऊन नक्की कुठे फिरत होतो. फोनवर ते सांगून होत नाही. आज सुट्टी काढलीय, सविस्तर लिहितो.

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या संघटना अमेरिकेत गावोगावी होत्या. त्यांच्याकडे लष्करी बिगुल होते, ड्रम होते आणि कवायत अंगात मुरलेली होती. आधी ते स्वतः वाजवत चालले, मग त्यांनी पोरांची पथकं काढली. चर्चनी काढली, स्काउटांनी काढली. न्यू जर्सीतल्या गारफिल्डच्या एका चर्चचं पथक १९३४ चं, मॅडिसन स्काउट्स १९३८ चं, बोस्टन क्रुसेडर्स १९४० चं. याला इथे ड्रम कोअर म्हणतात. बासरी नाही, क्लॅरिनेट नाही. फक्त पितळी वाद्यं, ड्रम आणि निशाणं. नियम आणि पैसा आपल्या हातात असावा म्हणून १९७१ मध्ये पथकांनी एकत्र येऊन स्वतःची संस्था काढली, ड्रम कोअर इंटरनॅशनल. पुढच्या वर्षी विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि कॅलिफोर्नियाचं अ‍ॅनाहाइम किंग्जमेन जिंकलं. माझ्या वेळेपर्यंत बिगुल नावापुरते उरले होते. तीन व्हॉल्व्हची, ट्रंपेटच्या घराण्यातली वाद्यं होती ती. पण चाल तीच. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दीडशे जण, साधारण अकरा मिनिटं, वाजवत आणि सतत जागा बदलत.

मी बास ड्रमवर होतो. आता हे तुला ताशेवाला म्हणून सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला यातली गंमत कळायची नाही. तुमच्याकडे पन्नास ढोल एकच हात वाजवतात, टिपरू सगळ्यांचं एकदम पडतं, म्हणून अंगावर काटा येतो. आमच्याकडे बास ड्रम पाचच. सगळ्यात लहान अठरा इंचांचा, सगळ्यात मोठा बत्तीसच्या आसपास, आणि ओळ एकच, पण पाच जणांत फोडलेली. एका मात्रेचे चार बारीक भाग केले तर पहिला पहिल्याचा, दुसरा दुसऱ्याचा, तिसरा माझा. मिनिटाला १६० मात्रांची लय धर आणि हिशोब कर, माझ्या वाट्याला सेकंदाचा दहावा भागही येत नाही. माझा भाग एकट्याने वाजवला तर तो ऐकवणार नाही इतका तुटक. पाची जण बसले की मात्र वरच्या ड्रमपासून खालच्यापर्यंत सरसर उतरत जाणारी एक सलग तान निघते, आणि प्रेक्षकांना वाटतं एकच कुणीतरी वाजवतोय.

शेजाऱ्याचा ठोका ऐकून आपला मारायला गेलास की उशीर झालाच. त्यामुळे ऐकायचंही आणि ऐकण्यावर विसंबायचंही नाही. लय पायात ठेवायची. आमचे बास ड्रम आडवे, म्हणजे दोन्ही तोंडं डाव्या-उजव्या बाजूला. आवाज प्रेक्षकांकडे जावा म्हणून आम्ही प्रेक्षकांकडे तोंड न करता मैदानाच्या टोकाकडे करायचो. पोटावर ड्रम, त्यामुळे पायाखालचं दिसत नाही. मला दिसायची ती दुसऱ्या ड्रमवाल्याची पाठ. टेक्ससचा उंच, अबोल मुलगा. ठोका पडायच्या आधी त्याच्या उजव्या खांद्यामागचं हाड किंचित वर उचललं जायचं. शर्ट घामाने चिकटलेला असायचा, म्हणून ते स्पष्ट दिसायचं. त्याचं हाड हललं की माझा हात आपोआप निघायचा. त्या मुलाशी माझं बोलणं फार झालं नाही, पण त्याची पाठ मी आजही गर्दीत ओळखीन.

आणि हे सगळं चालत. पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं, ना कमी ना जास्त. प्रत्येकाच्या गळ्यात दोरीने बांधलेली छोटी वही. तीत प्रत्येक रचनेतली आपली जागा लिहिलेली: मैदानावरच्या चाळीस यार्डांच्या रेघेपासून दोन पावलं बाहेर, पुढच्या खुणांपासून साडेचार पावलं मागे. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सोळा मात्रांत पोचायचं. पोचलास, पण रांग बाकदार दिसली, की वरून मनोऱ्यावरून आवाज यायचा, 'पुन्हा'. सगळे पळत मागे. पुन्हा. लय धरून देणाऱ्या यंत्राचा, मेट्रोनोमचा, आवाज मोठ्या स्पीकरवरून मैदानभर टकटकत असायचा, तो रात्री झोपेतही थांबायचा नाही. मे महिन्याच्या अखेरीला सराव सुरू व्हायचा तो सकाळी नाश्त्यानंतर ते रात्री दिवे जाईपर्यंत. प्रत्येकाच्या शेजारी गवतात पाण्याचा मोठा कॅन. बोटांना चिकटपट्ट्या. मोज्यांच्या रेघेपर्यंत पाय काळे आणि खाली पांढरे.

जूनच्या मध्यापासून दौरा. शो संपला की ट्रक भरायचे, बसमध्येच झोपायचं, पहाटे कुठल्यातरी अनोळखी गावच्या शाळेत उतरून व्यायामशाळेच्या फरशीवर गाद्या पसरायच्या, तीन-चार तासांनी उठून पुन्हा मैदान. हजारो मैल. याचे पैसे मिळत नाहीत, उलट आपणच फी भरायची. बाबांना ते बरेच दिवस पटलं नव्हतं.

आईला मात्र पटलं. दीडशे मुलांना दिवसाला चार वेळा खायला घालणारा एक ट्रक बरोबर असायचा आणि तो मुलांचे आईवडीलच चालवायचे. एका वर्षी आई आठवडाभर आली. पहिले दोन दिवस ती पावांना पीनट बटर लावत राहिली. तिसऱ्या दिवशी ती इंडियन दुकान शोधून पोह्यांच्या थैल्या घेऊन आली आणि सकाळी सगळ्या कोअरला कांदेपोहे. ट्युबा वाजवणारे दोन आडदांड मुलगे तीन-तीनदा रांगेत उभे राहिले. ती मुलं अजून मला लिहितात तेव्हा आधी आईची चौकशी करतात.

परीक्षकांचं ऐक. त्या काळी तालवाद्यांचा एक परीक्षक थेट मैदानात आमच्यामध्ये फिरायचा, हातात रेकॉर्डर घेऊन. तू वाजवतोयस आणि तुझ्या ड्रमपासून हातभर अंतरावर एक माणूस पुटपुटतोय, 'बास, तिसरा थोडा पुढे गेला'. त्याला धक्का लागू द्यायचा नाही, त्याच्याकडे बघायचं नाही. रात्री ती टेप आम्हाला ऐकवली जायची. इतकं बारकाईने माझं कुणी आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

माझं शेवटचं वर्ष २००८. इथे वयाची अट कडक आहे. एकविशी ओलांडली की तुझं मैदान संपलं, कितीही चांगला वाजवत असलास तरी. तुमच्या पथकात पन्नाशीचे काकाही कमरेला ढोल बांधून उभे राहतात ना, ते पाहून मला किती हेवा वाटतो तुला कल्पना नाही. त्या वर्षीची अंतिम स्पर्धा इंडियानातल्या ब्लूमिंग्टनला होती. आम्ही शुक्रवारच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचलो. फायनलला जाणाऱ्या पहिल्या बारांत बसलो नाही. शेवटचा ठोका मारून बाहेर चालत आलो, ड्रम उतरवला आणि खांदे इतके हलके झाले की मला उभं राहवेना. टेक्ससच्या मुलाने मिठी मारली. दोघंही बोललो नाही.

शनिवारी रात्री प्रेक्षकांत बसून फायनल पाहिली. इलिनॉयचं फॅंटम रेजिमेंट, स्पार्टाकस नावाच्या रोमन गुलामाच्या बंडाची कथा घेऊन उतरलं होतं. दुसऱ्या आलेल्या ब्लू डेव्हिल्स पथकाला ९८.१०० गुण, फॅंटमना ९८.१२५. शंभरात एक चाळीसांश गुणाचा फरक! निकाल सांगितला तेव्हा सबंध स्टेडियम उभं राहिलं, हरलेल्या पथकांची मुलंसुद्धा. मीही ओरडत होतो, घसा बसेपर्यंत. एक चाळीसांश गुण म्हणजे कुणाचं तरी एक पाऊल, कुणाचा तरी एक ठोका, हे तिथे बसलेल्या प्रत्येक वादकाला ठाऊक होतं.

नोकरी, लग्न, मुलगी, सगळं चांगलं झालं रे. पण आपल्या वाट्याच्या एवढ्याशा ठोक्यासाठी बाकीचे चौघं जागा ठेवून आहेत आणि आपणही त्यांच्यासाठी ठेवलीय, ही जाणीव मला दुसऱ्या कशात मिळाली नाही. ऑफिसात टीम टीम खूप म्हणतात. माणसं चांगली आहेत, पण ते हे नव्हे.

गेल्या महिन्यात बोस्टन क्रुसेडर्स जिंकले. १९४० पासून वाजवतायत, १९७२ पासून ही स्पर्धा आहे, आणि त्यांचं पहिलं विजेतेपद २०२५ मध्ये. मी घरी बसून पाहिलं आणि लहान मुलासारखा रडलो. ज्या मुलांनी तिथे वाजवून, न जिंकता, वय संपवलं, त्या सगळ्यांसाठी.

तर आता कामाचं. अंतिम स्पर्धा आता दरवर्षी ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या लुकस ऑइल स्टेडियममध्ये असते. पुढच्या वर्षी अधिक महिन्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आहेत, म्हणजे मिरवणूक तुझी चुकणार नाही, नदीपात्रातला आठवडाभराचा सराव तेवढा बुडेल. पथकप्रमुखांशी बोलून घे. व्हिसाची तारीख मिळायला वेळ लागतो, त्याची खटपट आत्तापासून कर. तिकिटं मी काढतो, आणि जागा बास ड्रमच्या बाजूच्या घेतो. शो सुरू व्हायच्या आधी दुपारी पार्किंगच्या मोकळ्या जागेत प्रत्येक पथकाचे ड्रमवाले सराव करतात, तिथे हातभर अंतरावर उभं राहता येतं. ते तुला आधी दाखवायचंय. तुझ्या ताशाच्या काड्या घेऊन ये.

काका-काकूंना नमस्कार. वहिनींना सांग, त्यांची पण तिकिटं धरतोय.

तुझा,
निल्या