कार्बोरेटर फेकू नका, आधी उघडून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बाबांची 1990 ची यामाहा आरएक्स 100 मोटारसायकल माझ्याकडे आहे, 98 सीसी, टू-स्ट्रोक. या पावसाळ्यात ती दीड महिना अंगणात झाकून उभी होती, नंतर काढली तर चोक (थंड इंजिनला जास्त पेट्रोल देणारा खटका) लावला की चालू व्हायची अन चोक काढला की बंद. गॅरेजातल्या पोराने दोन किक मारल्या आणि म्हणाला काका कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) गेला, नवीन टाकून देतो. उघडून सुद्धा पाहिलं नाही हो! ओरिजिनल कार्बोरेटर आता सहज मिळत नाही, आणि असे कितीतरी चांगले कार्बोरेटर भंगारात जात असतील, हे मनाला लागलं म्हणून लिहितोय.

चोकवर चालते आणि चोक काढला की मरते, म्हणजे बहुतेक वेळा स्लो जेट, म्हणजे कमी रेसवर पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी, चोंदलेला असतो. मी घरीच बोल (कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोल साठणारी वाटी) उघडला, तळाशी पांढरा-हिरवट थर, आणि स्लो जेट काढून उन्हाकडे धरला तर भोकातून उजेडच दिसेना. क्लीनर मारला, पंक्चरवाल्याकडून हवा मारून घेतली, बस. तार मात्र घालायची नाही, पितळ मऊ असतं, भोक जरा मोठं झालं की जेट बाद. मग एअर स्क्रू (हवा कमी-जास्त करणारा स्क्रू) हलक्या हाताने पूर्ण आवळून दीड आटा सोडला आणि गाडी पहिल्याच किकमध्ये चालू झाली, बाबांना आतल्या खोलीतूनच आवाज ओळखू आला.

तो थर येतो कुठून तर आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, ते हवेतली ओल धरतं आणि गाडी उभी राहिली की बोलमध्ये घाण साचते, जुनं रबर पण खराब होतं. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते म्हणून त्याच जेटवर मिक्चर लीन पडतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), आणि टू-स्ट्रोक लीन चालली की इंजिन तापून पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकतो. म्हणून प्लग काढून बघत जा, फिका तपकिरी असेल तर ठीक, पांढरा असेल तर मेन जेट (जास्त रेसवर पेट्रोल देणारा) एक नंबर मोठा लागतो, काळा ओला असेल तर उलट.

खालून पेट्रोल गळत असेल तर फ्लोटच्या निडलमध्ये (बोल भरला की पेट्रोल थांबवणाऱ्या सुईत) कचरा असतो. चार-पाच किलोमीटर जाऊन बंद पडते आणि टाकीचं झाकण उघडलं की परत चालू होते, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, कार्बोरेटरचा काही दोष नाही. रेस आपोआप वाढून खाली येत नसेल तर मॅनिफोल्डचं (कार्बोरेटर आणि इंजिन जोडणाऱ्या नळीचं) रबर बघा, आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, त्यात उन्हात उभ्या गाडीचं रबर तडकतंच.

त्या पोराला मी दोष देत नाही. एप्रिल 2020 ला बीएस-6 हा धुराच्या प्रदूषणाचा नियम आला तेव्हापासून नव्या गाड्या जवळपास सगळ्या इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, त्याने कार्बोरेटर उघडायचा तरी कुठे? पण इतवारी, सदर, कॉटन मार्केट भागात जुने मिस्त्री अजून आहेत, नुसता आवाज ऐकून जेट सांगणारे. आपल्या पेपरने आठवड्यातून एकदा त्यांना थोडी जागा द्यावी, त्यांनी सांगावं आणि पोरांनी वाचावं, एवढीच विनंती आहे.

आणि ज्यांची गाडी उभी राहणार असेल त्यांनी आजच पेट्रोल कॉक बंद करून बोलमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा.

आपला,
एक वाचक, महाल, नागपूर