गार इंजिनाचं बोलणं ऐकायला शिकवणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

जुनी ताकदवान क्रॉसओव्हर (एसयूव्हीसारखी उंच गाडी) घेण्याआधी ती कशी तपासायची, हे तुम्ही आम्हा सगळ्यांना हातचं काही न राखता शिकवलंत. त्याचे आभार चारचौघांत मानायचे ठरवलं, म्हणजे तुमची पद्धत आणखी चार जणांच्या कामी येईल.

तुमची पहिली अट साधी होती. गाडी रात्रभर उभी हवी आणि आपण पोचायच्या आधी ती कुणी सुरू करायची नाही. गेल्या गेल्या तळहात बॉनेटवर ठेवायचा, मग रेडिएटरच्या वरच्या पाइपवर. पाइप कोमट लागला, तर त्या दिवशीची तपासणी तिथेच थांबवायची. ही अट किती मोलाची आहे ते गार इंजिन सुरू करताना कळतं. टायमिंग चेन म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडमिट करायला लावणारी साखळी. ती ताणून धरणाऱ्या टेन्शनरपर्यंत ऑइलचा दाब पोचेतो चेन सैल असेल, तर पहिल्या काही सेकंदांत ती खडखडते आणि मग गप्प होते. इंजिन आधीच गरम करून ठेवलं असेल, तर तो आवाज बहुधा ऐकूच येत नाही.

धुराचंही तसंच. सुरुवातीची पातळ पांढरी वाफ थोड्या वेळात विरते, तिची काळजी नको. गोडसर वासाचा दाट पांढरा धूर टिकून राहिला, तर कूलंट सिलिंडरमध्ये जातंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि तो लगेच दिसेलच असं नाही. म्हणून इंजिन गरम झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं नुसतं चालू ठेवायचं, मग एकदा रेस द्यायची आणि मागे बघायचं. बीएमडब्ल्यू एक्स५ एमच्या व्ही८ इंजिनात दोन्ही टर्बो सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खोबणीत बसतात. तिथली उष्णता रबरी सील कडक करते, व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल झिरपतं, आणि रेस देताच निळा लोट बाहेर येतो. कारण समजावून सांगितलंत, म्हणून हे लक्षात राहिलं.

पोर्शेच्या गाड्यांबद्दलचा तुमचा इशाराही तितकाच नेमका होता. पहिल्या पिढीच्या व्ही८ केयेनमध्ये इनटेक मॅनिफोल्डखालचे (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागाखालचे) कूलंटचे पाइप प्लास्टिकचे होते, ते कालांतराने तडकतात. त्या जागी अॅल्युमिनियमचे बसवलेत का, हे पावतीवरच बघायचं. त्याच गाडीच्या प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याच्या, मधल्या बेअरिंगचं रबर फाटलं की पायाखालून धडधड येते. सुरुवातीच्या व्ही६ मॅकानमध्ये टायमिंग कव्हरचे बोल्ट तुटून ऑइल गळतं. भाग छोटा, पण तिथवर पोचायला सहसा इंजिन उतरवावं लागतं. गाडी लिफ्टवर चढवून इंजिनाची पुढची बाजू टॉर्च लावून बघितल्याशिवाय होकार द्यायचा नाही, हे तुम्ही पुन्हा पुन्हा बजावलंत.

सगळ्यात जास्त आभार मात्र टायरच्या धड्यासाठी. चार कोरे टायर बघून गिऱ्हाईक खूश होतं, तुम्ही मात्र आधीच्या टायरची बिलं मागायला सांगितलीत, कारण कोऱ्या टायरमागे आधीची असमान झीज लपू शकते. चारही चाकं ओढणाऱ्या अशा बऱ्याच गाड्यांत पुढच्या चाकांकडे जाणारी ताकद ट्रान्सफर केसमधला (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीतला) क्लच वाटून देतो. पुढच्या आणि मागच्या टायरची झीज वेगळी झाली की त्यांचा घेर बदलतो, आणि सरळ रस्त्यावरही तो क्लच सतत घसरत राहतो. तो तापतो, झिजतो, त्याचा चुरा ऑइलमध्ये मिसळतो. म्हणून खाचांची खोली मोजायची पट्टी प्रत्येक टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या खाचेत उतरवायची. पुढच्या-मागच्या टायरमध्ये दोन-तीन मिलिमीटरचा फरक निघाला, तर ट्रान्सफर केसवर संशय घ्यायचा. बाजूवरचा चार आकडी शिक्काही वाचायचा: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा.

इथली एक गफलतही तुम्ही दूर केलीत. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू जाताना, विशेषतः थंडीत, रुंद टायर जमिनीवर उड्या मारल्यासारखे घसटतात. अनेक वेळा तो चाकांच्या भूमितीचा परिणाम असतो, बिघाड नव्हे. सरळ रस्त्यावर, हलक्या रेसवर, कमी वेगात गाडी थरथरली, तर ती ट्रान्सफर केसची तक्रार असू शकते. मॅकानमध्ये हा त्रास ओळखीचा आहे. ऑइल बदलून कधी कधी थरथर थांबते, पण तेवढ्यावर विसंबून सौदा करू नये.

गिअरबॉक्सचं ऑइल जन्मभर पुरतं, असं विकणाऱ्याने सांगितलं की झेडएफचं म्हणणं पुढे करायचं. आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी ही कंपनी स्वतःच, वापराप्रमाणे, ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदलायला सांगते.

स्कॅनर लावल्यावर बिघाडाचा एकही कोड नाही म्हणून हुरळून जायचं नाही, आधी रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का हे सांगणाऱ्या नोंदी, बघायचे. ते अपूर्ण असतील, तर कोड नुकतेच पुसलेले असू शकतात किंवा बॅटरी काढलेली असू शकते. आठवडाभर गाडी चालवू द्या, मग पुन्हा तपासू, असं म्हणायचं. जमलं तर वेगवेगळ्या कंट्रोल युनिटमधले (गाडीतल्या छोट्या संगणकांमधले) किलोमीटर मीटरशी ताडून बघायचे. इंजिनाचं रीमॅपिंग करून, म्हणजे जास्त ताकदीसाठी त्याचा प्रोग्रॅम बदलून, नंतर मूळ प्रोग्रॅम परत टाकलेला असू शकतो. म्हणून टर्बोच्या पाइपांच्या क्लॅम्पवर आणि एक्झॉस्टच्या नटांवर पान्याच्या ताज्या खुणा शोधायच्या, हेही तुम्हीच दाखवलंत.

ब्रेक डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, मोजमापाचा कॅलिपर लावून डिस्कची खरी जाडी तिच्याशी पडताळली की झालं. एअर सस्पेन्शन असेल, तर संध्याकाळी चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही कोपऱ्यांचं माप घ्यायचं आणि सकाळी परत घ्यायचं. एखादा कोपरा खाली बसला, तर हवा गळतेय, आणि गळकी एअर स्प्रिंग भरता भरता कॉम्प्रेसरही दमलेला असू शकतो.

तुमच्या सांगण्यावरून आता आम्ही ऑइल फिल्टर कापून, त्यातल्या कागदाची घडी उलगडून उन्हात बघतो. त्यात चमचमणारे धातूचे कण दिसले की गाडी कितीही देखणी असो, सौदा तिथेच थांबतो. दादा, ती घडी कशी उलगडायची ते हाताला धरून दाखवलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

तुमचे ऋणी,
जुन्या गाड्या पारखणारे आम्ही सगळे