‘तुम्हाला काय करायचंय, मावशी?’

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारी आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकांनी लिहिलं होतं की, आईवडील रस्त्यात मुलाला मारत असतील तर तिऱ्हाइताने तोंड घालू नये. घरचा मामला आहे आणि कायद्याचीही त्याला ना नाही. वाचून गप्प बसवेना. कारण मी असं तोंड घातलं आहे आणि त्यापायी एका पोराला दोन रपाटे जास्त बसले आहेत.

इथल्या कमाटीबाग या सार्वजनिक उद्यानातली गोष्ट. मे महिन्यातली संध्याकाळ, छोट्या रेल्वेच्या तिकिटाला ही एवढी रांग. माझ्यापुढे एक गृहस्थ आणि त्यांचा पाचेक वर्षांचा मुलगा. मुलाच्या हातातला बर्फाचा गोळा निसटला आणि बापाच्या पांढऱ्या पँटवर लाल ओघळ आला. त्यांनी बकोट धरलं आणि तीन थोबाडीत दिल्या. पोर रडलंही नाही. गोळ्याची रिकामी काडी मुठीत घट्ट धरून नुसतं बघत राहिलं.

मी पुढे झाले. 34 वर्षं वर्गात कमावलेला आवाज! ‘लाज नाही वाटत एवढ्याशा जिवाला मारायला?’ सगळी रांग वळली. गृहस्थ लालबुंद झाले. ‘तुम्हाला काय करायचंय, मावशी? माझं पोर आहे.’ (बडोद्यात अनोळखी तोंडून मराठी ऐकलं की एरवी किती बरं वाटतं!) आणि पोर आपलंच आहे हे दाखवायला त्यांनी आणखी दोन ठेवून दिल्या. मग रांग सोडून त्याला फरफटत घेऊन गेले. काडी अजून मुठीतच होती.

त्या रात्री झोप नाही. पँटचा राग एव्हाना ओसरला असता. पुढचे दोन फटके माझ्या नावचे होते. खरं सांगायचं तर पोराचा कळवळा होता तेवढीच चारचौघांत बापाला सुनावण्याची खुमखुमीही होती.

मला तरी कोणत्या तोंडाने बोलायचा हक्क? माझ्या टेबलावरही फूटपट्टी असायचीच, आणि ती काही रेघा मारायला नव्हे. ‘बाई, चामडी तुमची, हाडं आमची’ असं पालकच सांगून जायचे. पुढे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने, त्याच्या कलम 17 ने, शाळेतला मार बंद केला आणि फूटपट्टी खणात गेली. वर्ग काही बुडाला नाही.

पत्रलेखकांचा कायद्याचा मुद्दा मात्र अर्धाच खरा आहे. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, सद्हेतूने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचं कलम 27 पालकांना संरक्षण देतं, हे बरोबर. पण 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 75 ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याच्या क्रूरपणाला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही सांगतं. त्यात आईबापही आले. आणि ‘घरचा मामला’ हे निदान बडोदेकरांनी तरी म्हणू नये. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मुलाला शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंड भरावा लागे. ‘माझं पोर आहे’ ही सबब तेव्हाही चालली नव्हती.

मध्ये पडावं कसं, ते मला खंडेराव मार्केटातल्या एका भाजीवालीने दाखवलं. कडेवर तान्हं, हातात दोन जड पिशव्या आणि जमिनीवर फतकल मारून बसलेली सहा-सात वर्षांची मुलगी, अशी एक आई. तिने लेकीची वेणी ओढली, पाठीत धपाटा घातला, दुसऱ्यासाठी हात उचलला. भाजीवाली जागची उठलीसुद्धा नाही. ‘रहेवा दो ने, बेन. थाकी गयां हशो,’ एवढंच म्हणाली. पिशव्या ओढून आपल्या गोणपाटावर ठेवल्या, मुलीच्या हातात काकडी दिली आणि उपडी टोपली आईकडे सरकवली. आई त्यावर बसली आणि स्वतःच रडायला लागली. मी बघतेय म्हटल्यावर मलाच दटावणी: मेथी घ्यायची आहे की नाही?

थकली असशील, या एका वाक्यात त्या बाईला गुन्हेगार न ठरवता हात थांबला. अर्थात पट्टा निघाला असेल, डोकं आपटलं जात असेल, तिथे काकडी चालायची नाही. तिथे माणसं गोळा करावीत आणि 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा 112 (तातडीच्या मदतीचा क्रमांक) लावावा. मागून घरी त्या पोराचं काय होईल ही धास्ती असली तरीही.

पण रोज दिसतो तो प्रकार बहुधा त्या बाजारातल्यासारखाच असतो. गेल्या महिन्यात एसटी डेपोत एक बाप पोराला खांबाशी दाबून धरून हात उगारत होता. माझ्या पोटात गोळा आला. जवळ जाऊन विचारलं, ‘अहो भाऊ, डभोईची गाडी कुठे लागते?’ मला डभोईला जायचंच नव्हतं. उगारलेला हात तसाच फिरला आणि त्याने मला फलाट दाखवला.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे