तिसऱ्याला शिव्या घालण्याआधी मोजणी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थेट नगराध्यक्ष निवडणुकीवरचा तुमच्या पेपरातला लेख मी इथे अमेरिकेत बसून ऑनलाइन वाचला आणि त्यातला एक मुद्दा काही डोक्यातून जाईना. लेखकांचं म्हणणं असं की तिरंगी लढतीत तिसरा असतो तो मतं खायलाच उभा असतो, तो नसता तर खरा निकाल लागला असता. अहो पण तिसरा कोण हे ठरवायचं कधी? मोजणी झाल्यावर कोणीही सांगेल. मतदान करायच्या दिवशी सांगा की!

मी मेन राज्यात राहते, अमेरिकेच्या नकाशात अगदी वर उजव्या कोपऱ्यात, कॅनडाला चिकटून. सगळ्या राज्याची लोकसंख्या चौदा लाखांच्या आसपास, म्हणजे आपलं एकटं नाशिक शहर याच्यापेक्षा मोठं. पण या एवढ्याशा राज्याने गव्हर्नरच्या निवडणुकीत तिसऱ्या उमेदवाराचे जे काही प्रकार बघितलेत ते वाचून तुमच्या लेखकांनी पुन्हा एकदा विचार करावा म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं तर कापा.

आधी एक सांगते, इथला गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचे राष्ट्रपतींनी नेमलेले राज्यपाल नव्हेत, त्याचं काम आपल्या मुख्यमंत्र्यासारखं, फक्त तो थेट लोकांमधून निवडून येतो, चार वर्षांसाठी. आमदार फुटले, युती तुटली, पाठिंबा काढला, असलं काही नाही. एकदा बसला की बसला. त्यामुळे मतविभागणीचा फटका इथे जास्त जोरात बसतो, कारण नंतर बेरीज-वजाबाकी करायला सभागृहच मधे नाही. आपल्या थेट नगराध्यक्षाचं तरी वेगळं काय आहे?

तर 2010 सालची निवडणूक. रिपब्लिकन पक्षाचे पॉल लपाज, वॉटरव्हिल गावचे महापौर, लहानपणी घरातून पळून रस्त्यावर राहिलेला माणूस, बोलायला एकदम रोखठोक. डेमोक्रॅटिक पक्षाच्या लिबी मिशेल, राज्याच्या दोन्ही सभागृहांचं अध्यक्षपद सांभाळलेल्या अनुभवी बाई. आणि एलियट कटलर नावाचे वकील, अपक्ष. सुरुवातीला सगळे कटलरना म्हणायचे की तुम्ही मिशेलबाईंची मतं खाणार आणि लपाजना आयतं निवडून आणणार. पण ऑक्टोबरमध्ये वारं फिरलं, मिशेलबाई घसरत गेल्या आणि कटलर वर वर यायला लागले, आणि मजा (की ट्रॅजेडी) अशी की तोपर्यंत भरपूर लोकांनी पोस्टाने मतं पाठवून पण दिली होती. आमच्या शेजारच्या आजी त्यातल्याच एक, मिशेलबाईंना मत टाकून मोकळ्या झालेल्या आणि मग शेवटच्या आठवड्यात नुसत्या हात चोळत बसलेल्या.

निकाल असा लागला की लपाज 37.6 टक्के, कटलर 35.9, मिशेल जवळपास 19, आणि शॉन मूडी नावाचे आणखी एक अपक्ष 5 टक्के. पहिल्या दोघांत फरक दहा हजार मतांपेक्षाही कमी! आता सांगा, खेळ बिघडवला कोणी? ज्याच्यावर आधीपासून शिक्का मारला होता तो तर दुसरा आला. तिसऱ्या आल्या अधिकृत पक्षाच्या अधिकृत उमेदवार. तुमच्या लेखातला हिशोब लावायचा तर मतं खाल्ली डेमोक्रॅटिक पक्षाने आणि वाट लागली अपक्षाची. पण तसं कोणी म्हणालं नाही, कारण शिक्का नेहमी छोट्याच्या कपाळावर, मोठ्या पक्षाला जन्मसिद्ध हक्क!

मग चार वर्षं या राज्यात गाड्यांच्या मागे '61%' असे स्टिकर फिरायचे. आम्ही 61 टक्के लोकांनी याला मत दिलं नव्हतं बरं का, असा त्याचा अर्थ (नेमका हिशोब 62 च्या वर जातो, पण स्टिकरवर 61च). लपाज यांनी आल्या आल्या कामगार खात्याच्या ऑफिसातलं कामगारांच्या इतिहासाचं मोठं भित्तिचित्र काढून टाकायला लावलं, त्यावरून रणकंदन झालं. गरिबांच्या आरोग्य विम्याची व्याप्ती वाढवणारे ठराव सभागृहाने परत परत केले आणि त्यांनी ते परत परत फेटाळले, शेवटी 2017 मध्ये लोकांनी सार्वमत घेऊन तो मंजूर करून घेतला तरी हे अंमलबजावणी करेनात. त्यांचे समर्थक म्हणतात माणसाने जे सांगितलं ते केलं, खर्च आटोक्यात ठेवला, राज्याच्या उत्तर भागातल्या गावांचा आवाज राजधानीत पहिल्यांदा कोणी ऐकवला तर यांनीच. ते पण खोटं नाही. आणि नियमाप्रमाणे लढून जिंकले होते ते, चोरी नव्हती केली.

2014 ला मात्र सगळे शहाणे झाल्यासारखे वागायला गेले. परत लपाज, परत कटलर अपक्ष, आणि डेमोक्रॅट्सकडून माइक मिशो, कागद कारखान्यात काम केलेले खासदार. यावेळी कटलर खरंच तिसऱ्या नंबरवर होते. त्यांच्यावर इतकं प्रेशर आलं की मतदानाला आठवडा राहिलेला असताना त्यांनी प्रेस कॉन्फरन्स घेऊन सांगितलं की मी काही माघार घेत नाही, पण मी जिंकू शकत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी मनाला पटेल तिकडे मत द्यावं. त्याच दिवशी सिनेटर अँगस किंग, जे स्वतः अपक्ष म्हणून गव्हर्नर झाले होते, त्यांनी कटलरना दिलेला पाठिंबा काढून मिशोंना दिला. उमेदवारच सांगतोय मला नाही दिलं तरी चालेल! असलं काही आपल्याकडे बघितलंय का, आपल्याकडे अपक्ष माघारीच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत 'नॉट रिचेबल' असतो आणि नंतर त्याचा भाव वाढतो.

एवढं होऊनही लपाज 48.2, मिशो 43.4, कटलर 8.4. लगेच लोकांनी बेरीज केली, 43 आणि 8 म्हणजे 51, बघा, याने घालवलं. इथेच माझा खरा आक्षेप आहे. अशी बेरीज होत नाही हो! कटलरचा प्रत्येक मतदार मिशोंनाच गेला असता हे कोणी सांगितलं? मिशोंना पुढे जायला त्या मतांमधली पाचातली जवळपास चार लागत होती, आणि त्यातले काही लोक लपाजकडे गेले असते, काही घरीच बसले असते. त्यात त्याच मतपत्रिकेवर अस्वलाच्या शिकारीच्या पद्धतींवर बंदी आणायची की नाही यावर पण सार्वमत होतं, त्यामुळे खेड्यातले शिकारी लोक झाडून बाहेर पडले आणि त्यांचा कल कुठे होता हे सांगायला नको. (बंदीचा प्रस्ताव पडला, अस्वलांचं नशीब.) म्हणजे लपाज कदाचित सरळ लढतीत पण जिंकले असते. खात्रीने कोणालाच सांगता येणार नाही कारण मतपत्रिकेवर दुसरी पसंती विचारलीच नव्हती.

लोकांनी शेवटी ती विचारायची सोय केली. 2016 मध्ये सार्वमत घेऊन पसंतीक्रमाची पद्धत आणली, 52 टक्क्यांनी पास. उमेदवारांना 1, 2, 3 नंबर द्यायचे, कोणाला निम्म्याहून जास्त नसतील तर सगळ्यात खालचा बाद, त्याची मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटायची, असं पुढे पुढे. हे वाचून इथल्या लोकांना केवढं नवल वाटलं होतं, काय तर क्रांती! मला हसू आलं. आपल्याकडे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात वर्षानुवर्षं हेच चाललंय, केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेनने नंबर टाकायचे, त्यांचाच पेन वापरायचा नाहीतर मत बाद. अमरावती पदवीधरची 2023 ची मोजणी आठवा, बाद करा, वाटा, परत मोजा करत दुसऱ्या दिवसापर्यंत गेली आणि माजी मंत्री रणजित पाटील पडले. पण विधान परिषद म्हटलं की आपल्याकडे कोणी बघत नाही, त्यामुळे ही पद्धत आपलीच आहे हे आपल्यालाच माहीत नाही.

आता यातला सगळ्यात भारी भाग. ही पद्धत आणली कशामुळे? गव्हर्नरच्या निवडणुकीमुळे. आणि ती लागू कुठे होत नाही? गव्हर्नरच्याच निवडणुकीला! 2017 मध्ये मेन राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की राज्यघटनेत गव्हर्नर हा 'सर्वाधिक मतांनी' निवडावा असं लिहिलंय, निम्म्याहून जास्त असं नाही, त्यामुळे गव्हर्नर आणि राज्याच्या आमदारांच्या मुख्य निवडणुकीत हे चालणार नाही. मग घटनेत ते आलं कुठून, तर 1880 मधून, आणि तेव्हाही कारण तिसरा पक्षच! त्याआधी इथे निम्म्याहून जास्त मतं लागायची, नाहीतर निर्णय विधिमंडळाकडे जायचा. 1878-79 मध्ये ग्रीनबॅक नावाचा शेतकऱ्या-कष्टकऱ्यांचा पक्ष मधे आला, कोणालाच निम्मी मतं मिळेनात, मग विधिमंडळ कोणाच्या ताब्यात यावरून मारामारी, त्यावेळच्या गव्हर्नरने सह्या नीट नाहीत, नावं चुकली अशी कारणं काढून विरोधकांचे निकालच रद्द केले, राजधानी ऑगस्टामध्ये लोक बंदुका घेऊन जमले आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धात गेटिसबर्गच्या लढाईत गाजलेले आणि पुढे जनरल झालेले जोशुआ चेंबरलेन यांना मिलिशियाचे (राज्याच्या नागरी सैन्याचे) प्रमुख म्हणून तिथे ठाण मांडून शांतता राखावी लागली. त्या सगळ्याला वैतागून लोकांनी ठरवलं की नको ती निम्म्याची भानगड, ज्याला जास्त तो जिंकला. तेव्हाचा उपाय आता अडसर होऊन बसलाय. घटना बदलायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश लागतात आणि ज्या पक्षाला आहे त्यात फायदा दिसतो तो कशाला हात वर करेल.

त्यामुळे गंमत बघा, जूनमध्ये पक्षाचा गव्हर्नरचा उमेदवार निवडताना 1, 2, 3 लिहायचं, नोव्हेंबरमध्ये सिनेटर आणि खासदाराला 1, 2, 3 लिहायचं, आणि त्याच दिवशी त्याच मतदाराने गव्हर्नरला मात्र एकच खूण करायची. लोकांना ही पद्धत किचकट वाटेल असा आरडाओरडा करणारे या घोळाबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

पसंतीक्रमाने काय फरक पडतो तेही बघितलं. 2018 मध्ये इथल्या दुसऱ्या खासदारकीच्या मतदारसंघात रिपब्लिकन ब्रूस पॉलिक्विन पहिल्या मोजणीत दोनेक हजारांनी पुढे होते, दोन अपक्षांची मतं वाटल्यावर डेमोक्रॅट जेरड गोल्डन साडेतीन हजारांनी जिंकले. पॉलिक्विन कोर्टात गेले, हरले. लपाज तेव्हा जाता जाता गव्हर्नर होते, त्यांनी निकालाच्या सर्टिफिकेटवर सही तर केली पण शेजारी लिहिलं 'चोरलेली निवडणूक'. स्वतः 37 टक्क्यांवर आलेला माणूस! मी तर वाचून खुर्चीतच हसले.

या पद्धतीतही दोष आहेत, ते लपवत नाही. काही लोक एकच नंबर लिहून सोडून देतात, मग त्यांचं मत पुढच्या फेऱ्यांत गळून पडतं आणि 'निम्म्याहून जास्त' हे शेवटी उरलेल्या मतांतलंच असतं. मोजणीला वेळ लागतो. आपल्याकडे निवडणूक अधिकाऱ्याचा जीव जाईल हेही खरं. पण किमान तिसऱ्याला मत देणाऱ्याला कोणी गद्दार म्हणणार नाही. मला हे जास्त खटकतं, मतदाराला घाबरवून मत घ्यायचं, मला नाही दिलंस तर तो येईल बघ.

आता आपल्याकडचं एकच उदाहरण देते. 2019 ची लोकसभा, तेव्हाचं औरंगाबाद. एमआयएमचे इम्तियाज जलील 4,492 मतांनी जिंकले, शिवसेनेचे चंद्रकांत खैरे पडले, आणि अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी 2 लाख 83 हजारांच्या वर मतं घेतली. तेव्हापासून आजपर्यंत कोणीही सांगतं, जाधवांनी खैरेंना पाडलं. असेलही. पण पावणेतीन लाखांपेक्षा जास्त लोक सकाळी उठून रांगेत उभे राहून जाधवांच्या ट्रॅक्टर चिन्हाचं बटण दाबून आले, ते सगळे काय कोणाला तरी पाडायला गेले होते? त्यांना खैरे नको होते म्हणून ते तिकडे गेले असतील, एवढं साधं आहे. त्यांची दुसरी पसंती काय होती ते कोणी विचारलं नाही म्हणून आपण सगळे अंदाज बांधत बसलोय. डमी उमेदवार, सारख्या नावाचा उमेदवार उभा करणं ही वेगळी गोष्ट, ती लबाडीच, पण जिवंत मतदारांचा पाठिंबा असलेल्या माणसाला त्याच पारड्यात टाकू नका.

थेट नगराध्यक्षाचा कायदा 2016 ला आणला, 2020 ला काढला, 2022 ला परत आणला. दरवेळी भांडण यावरच की थेट असावा की नगरसेवकांनी निवडावा. मोजणी कशी करावी हा प्रश्न एकदाही कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. पाच-सहा उमेदवार असलेल्या छोट्या शहरात 28-30 टक्क्यांवर नगराध्यक्ष होऊ शकतो आणि मग पाच वर्षं सभागृहात त्याच्याविरुद्ध बहुमत. तुमच्या लेखकांनी यावर लिहावं. आणि जमलं तर विधान परिषदेच्या पुढच्या पदवीधर निवडणुकीच्या वेळी एखादा बातमीदार मोजणी केंद्रावर रात्रभर बसवा आणि दुसऱ्या पसंतीची मतं कुठून कुठे गेली याचा तक्ता फेरीवार छापा. मी तरी वाचेन.

आपली,
एक वाचक
पोर्टलंड, मेन, अमेरिका
(मूळ नाशिकची)