इंटरनेटच्या कारभारात आपल्याला एकच खुर्ची का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीतला इंटरनेटवरचा लेख वाचला, चांगला आहे, पण 'इंटरनेटला कोणी मालक नाही' एवढं म्हणून तो पुढे सरकला आणि खरा विषय तिथेच सुटला असं मला वाटतं. मालक नाही हे खरंय. पण नियम करणारे आहेत, त्यांची मंडळं आहेत, मतदान होतं, ठराव होतात आणि ते आपल्या सगळ्यांना लागू होतात. त्यात साध्या वापरणाऱ्याला किती जागा आहे हे कुठेच छापून येत नाही म्हणून हे पत्र.

आपण साइटचं नाव टाइप केलं की त्या नावामागचा नंबर शोधला जातो, आणि त्या शोधाच्या अगदी मुळाशी एक फाइल असते, तिला रूट झोन म्हणतात. डॉट कॉम, डॉट ऑर्ग, प्रत्येक देशाचं दोन अक्षरी नाव, ही सगळी यादी त्यात. फाइल एवढी लहान आहे की ईमेलला जोडून पाठवता येईल, पण तिच्यात कोणतं नाव राहणार आणि ते कोण चालवणार हे ठरवणं म्हणजे केवढी सत्ता आहे बघा. पूर्वी नावं आणि नंबरांच्या या नोंदी मुख्यतः जॉन पोस्टेल नावाचे संशोधक सांभाळायचे, ते १९९८ मध्ये गेले आणि त्याच वर्षी हे काम सांभाळायला कॅलिफोर्नियात आयकॅन ही ना-नफा संस्था उभी राहिली. अमेरिकन सरकारचा या कामावरचा करार १ ऑक्टोबर २०१६ ला संपला, म्हणजे आता शेवटचा शब्द आयकॅनच्या संचालक मंडळाचा.

आता ही गोष्ट किती जणांना माहितीय सांगा, २००० साली आयकॅनने जगभरातल्या सामान्य वापरणाऱ्यांकडून ऑनलाइन मतदान घेऊन ५ संचालक निवडले होते. खरोखरची निवडणूक, कोणीही नाव नोंदवून मत द्यायचं! पुढे २००२ च्या फेररचनेत ती पद्धतच काढून टाकली. मतदान नीट होत नाही, गट करून मतं मिळवली जातात असे आक्षेप होते आणि त्यातले काही खरेही असतील, पण मग पद्धत सुधारायची ना, मतच काढून घ्यायचं? आज मंडळात मताचा हक्क असलेले १६ संचालक आहेत आणि त्यातली एकच जागा वापरणाऱ्यांच्या गटाकडे आहे, तीही थेट मतदानाने नाही तर समित्यांमधून भरली जाते. नावं विकणाऱ्या कंपन्यांना आपलं म्हणणं मांडायला पगारी माणसं ठेवता येतात. आपल्याला कोण आहे?

याचा परिणाम काय होतो ते डॉट ऑर्गच्या वेळी दिसलं. या नावाखाली संस्था, ट्रस्ट, मदतकार्य करणारे असे सगळे येतात. हे नाव घ्यायची किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही अशी अट होती, ती २०१९ मध्ये काढायचं ठरलं तेव्हा लोकांकडून सूचना मागवल्या, ३ हजारांहून जास्त आल्या, जवळपास सगळ्या विरोधात, तरी अट काढलीच. त्यानंतर काही महिन्यांतच बातमी आली की डॉट ऑर्ग चालवणारी संस्था एथोस कॅपिटल नावाच्या गुंतवणूक कंपनीला ११३.५ कोटी डॉलरला विकायचं ठरलंय, आणि विकणारी कोण तर इंटरनेट सोसायटी, जी लोकांसाठी खुल्या इंटरनेटची बाजू मांडते! मग मात्र लोक पेटले, संस्थांनी पत्रं लिहिली, लॉस एंजेलिसला आयकॅनच्या ऑफिसबाहेर निदर्शनं झाली, कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनी विरोधाचं पत्र दिलं आणि ३० एप्रिल २०२० ला आयकॅनने परवानगी नाकारली. म्हणजे आवाज पोचतो, पण पाणी गळ्याशी आल्यावर. आणि दराची काढलेली अट त्यामुळे परत आलेली नाही.

यावर काही लोक म्हणतात की हे सगळं सरकारांच्या हातात द्या. मला ते अजिबात पटत नाही. २०१२ मध्ये दुबईला झालेल्या दूरसंचारावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत असा झुकाव असलेला करार पुढे आला, ८९ देशांनी सही केली, ५५ देशांनी केली नाही आणि जग सरळ दोन गटांत विभागलं गेलं. २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर युक्रेनने रशियाचं डॉट आरयू बंद करा अशी मागणी केली होती, त्यांचा संताप मी समजू शकतो, पण आयकॅनने नकार दिला ते योग्यच केलं. एकदा युद्धात एखाद्या देशाचं नाव पुसायची सवय लागली की पुढच्या वेळी कोणाचं पुसलं जाईल याचा नेम नाही, आणि भरडला जातो तो तिथला साधा माणूस, त्याला बाहेरची बातमी तरी कुठून कळणार.

तांत्रिक नियम करणाऱ्या आयईटीएफमध्ये दार त्यातल्या त्यात उघडं आहे, तिथे सभासदत्वच नाही, कोणीही मेलिंग लिस्टवर जाऊन मत मांडू शकतो. पण मसुदे वाचायला वेळ असतो तो मोठ्या कंपन्यांच्या इंजिनियर लोकांना, कारण त्यांचं ते कामच आहे. त्यांच्याच वर्तुळातून २०२० मध्ये आरएफसी ८८९० नावाचा दस्तऐवज निघाला, त्यात सांगितलंय की हितसंबंधांची टक्कर झाली तर कल शेवटच्या वापरणाऱ्याकडे असावा. चांगलं आहे, पण कागदावर आहे. हे तत्त्व आयकॅनच्या नियमावलीत यायला हवं आणि मंडळातल्या दोन-तीन जागा तरी थेट मतदानाने भरायला हव्यात, आता मतदाराची ओळख पटवायला २००० पेक्षा कितीतरी बरी साधनं आहेत.

आणि आपल्याकडून एवढंच हवंय की आयकॅन सूचना मागवते तेव्हा साधारण महिना-दीड महिना मुदत असते, मसुदा साइटवर असतो, तो काय आहे आणि शेवटची तारीख कोणती हे चार ओळींत छापत जा. शेअर बाजाराचे आकडे रोज येतात, त्यांच्या शेजारी कधीतरी ही चौकट मावेल.

आपला,
एक नियमित वाचक