‘ताबा सुटला’ म्हणजे नेमके काय झाले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गळीत हंगाम सुरू झाला की उसाची ट्रॉली वळणावर उलटल्याच्या बातम्या येऊ लागतात आणि कारण तीन शब्दांत आटोपते: चालकाचा ताबा सुटला. ताबा का सुटला, ते वाचकाला कळत नाही. वळणाची त्रिज्या, गाडीचा वेग आणि मालाची उंची या तीन गोष्टी समजल्या, तर त्याचे बरेचसे उत्तर कागदावर मांडता येते.

आधी एक गैरसमज. वळणावर गाडी ‘बाहेर फेकली जाते’ असे आपण सर्रास म्हणतो. रस्त्याकडेला उभे राहून पाहिले, तर गाडीला बाहेर ढकलणारे कोणतेच बल नसते. गाडी सरळच जाऊ पाहते. तिला आत वळवण्यासाठी आतल्या दिशेने अभिकेंद्री बल लागते आणि सपाट रस्त्यावर ते फक्त टायर व रस्ता यांच्यातल्या घर्षणातून मिळते. आपल्या साखर कारखान्यांत साखर आणि मळी वेगळी करणारे सेंट्रिफ्युगल मशीन याच तत्त्वावर चालते. त्यातल्या जाळीच्या फिरत्या बास्केटची त्रिज्या ६० सेंटिमीटर आणि मिनिटाला १००० फेरे धरले, तर साखरेच्या दाण्याला गोल फिरत ठेवायला त्याच्या वजनाच्या सुमारे ६७० पट बल लागते. ते जाळीची भिंत आतल्या बाजूला देते. मळीला जाळीची भोके सापडतात, तिथे तिला अडवणारे काही नसते, म्हणून ती निसटते आणि दाणे मागे राहतात.

आता ट्रॉलीकडे येऊ. दोन चाकांतले अंतर १.६ मीटर आणि उसासह गुरुत्वमध्य जमिनीपासून २ मीटर उंच धरा. घर्षण खाली रस्त्यालगत आत ओढते, वजन मात्र वर दोन मीटरवर आहे. त्यामुळे ट्रॉली बाहेरच्या चाकांवर कलंडू लागते. आतली चाके उचलली जाण्याची मर्यादा म्हणजे अर्धे अंतर भागिले उंची, ०.८ भागिले २, म्हणजे ०.४. वळणासाठी लागणारे बल वजनाच्या ०.४ पट झाले की ट्रॉली उलटायच्या बेतात येते. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर हा वेग ताशी ३९ किलोमीटर येतो. रस्ता बाहेरच्या बाजूला ५ टक्के उतरता असेल, तर ३६. टायर दबतात, मोळ्या सरकतात, एखादे चाक खड्ड्यात जाते. त्यामुळे प्रत्यक्षात मर्यादा याहूनही खालीच असते. या हिशोबात वजन कुठेच येत नाही, ते दोन्ही बाजूंनी कटते. ‘माल जास्त नव्हता’ हा बचाव म्हणूनच अपुरा आहे. माल किती उंच रचला होता, हे विचारायला हवे. शिवाय वेग दुप्पट झाला की लागणारे बल चौपट होते.

डबल ट्रॉलीत आणखी एक धोका आहे. हूक आणि कडीच्या जोडात पिळाला मोकळीक असते. मागच्या ट्रॉलीचे आतले चाक जमीन सोडते, तेव्हा ट्रॅक्टरच्या सीटवर त्याची चाहूलही लागत नाही. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबणे तर घातकच, कारण टायरची पकड एकच असते आणि वळणे व थांबणे या दोन्ही कामांत ती वाटली जाते. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल, तर ती मागून ट्रॅक्टरला ढकलते आणि हुकापाशी गाडी दुमडते. वेग वळणाआधी, सरळ रस्त्यावरच उतरवला पाहिजे.

दुचाकी उलटत नाही, घसरते. ३० मीटरच्या वळणावर ताशी ४० वेगाने जाताना ती सुमारे २३ अंश कलते आणि वजनाच्या ०.४२ पट घर्षण मागते. ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातून आणलेली काळी माती दवाने ओली झाली आणि मिळणारे घर्षण वजनाच्या ०.३ पटीवर आले, की तोल सावरण्याचा प्रश्नच उरत नाही. वळणावरची माती आणि पाचट रोज झाडून काढणे हे सुरक्षेचे काम आहे.

रस्त्याच्या बाजूने पाहिले, तर वळणावर बाहेरची कड उंच हवी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांत हा उठाव सपाट प्रदेशात जास्तीत जास्त ७ टक्के आणि बर्फ न पडणाऱ्या डोंगराळ भागात १० टक्के आहे. डांबराचे थर चढवताना वळणावरही सरळ रस्त्यासारखा मधला फुगवटा दिला, तर बाहेरची लेन उलट्या उताराची होते. हे तपासायला एक मीटरची सरळ फळी आणि पाणसळ पुरते. फळी रस्त्यावर आडवी धरून पातळीत आणा. वळणाच्या आतल्या टोकाखाली ७ सेंटिमीटर फट आली, तर उठाव ७ टक्के. फट बाहेरच्या टोकाखाली आली, तर रस्ताच चुकला आहे. त्रिज्याही मोजता येते. कडेच्या दोन बिंदूंत २० मीटरची दोरी ताणा आणि तिच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर घ्या. ते १.७ मीटर आले, तर त्रिज्या ३० मीटर.

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी आणि जोतिबाकडे जाणाऱ्या रस्त्यांवरची वळणे महाविद्यालयांचे विद्यार्थी पोलिसांच्या बंदोबस्तात दोन-तीन रविवारांत मोजू शकतील. संबंधित खात्याने त्यावरून प्रत्येक वळणाआधी नुसता ‘सावकाश चालवा’ नव्हे, तर भरलेल्या ट्रॉलीसाठीचा वेग आकड्यात लिहिलेला फलक लावावा. ३० मीटरच्या वळणाला तो आकडा २० असावा. हे काम पहिली मोळी कारखान्याच्या गव्हाणीत पडण्याआधी व्हावे, ही विनंती.

आपले,
भौतिकशास्त्राचे काही शिक्षक, कोल्हापूर