पाजायचे दोन ब्रेक कुठे गेले?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

ऑगस्टमध्ये १ ते ७ तारखेला स्तनपान सप्ताह असतो तेव्हा पेपरात पानभर माहिती येते, चांगली असते, पण सगळा उपदेश आईलाच. तिला ते पाठ असतं हो. पहिल्या तासात अंगावर घ्या, चीक टाकू नका, सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको. आमच्या सुनेने सगळं केलं (मध चाटवायचा आग्रह नात्यातल्या बायकांचा, तो मी मोडून काढला).

आता गणित बघा. रजा २६ आठवडे, त्यातले ८ बाळंतपणाआधी गेले तर उरतात १८, म्हणजे बाळ जेमतेम चार महिन्यांचं असताना आई कामावर. मग सहा महिने फक्त आईचं दूध बसवायचं कसं? त्यासाठीच बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीशिवाय पाजायला रोज दोन ब्रेक, हे १९६१ पासून कायद्यात आहे. आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर, तिथे दिवसातून चारदा जायची मुभा, हे २०१७ ला आलं. रजेचं सगळ्यांना माहितीये, ब्रेकचं कुणालाच नाही.

सून कोथरूडहून हिंजवडीला जाते, ट्रॅफिक धरून दहा-अकरा तास घराबाहेर. तिने ब्रेक मागितला तर एचआरवाली म्हणते बाळ इथे नाहीये ना, मग ब्रेक कशाला! पाळणाघर विचारलं तर टायअप आहे म्हणे, ते निघालं पार वाकडला. शेवटी टॉयलेटमध्ये फ्लशच्या टाकीवर बाटली ठेवून पंप करायची आणि बाहेरून कुणीतरी दार वाजवायचं. दूध जितकं निघतं तितकं बनतं, तुंबलं की छाती दगडासारखी होते, ताप भरतो आणि पुढे दूधच कमी होतं, मग सगळे म्हणायला मोकळे की हिला पुरतच नाही, पावडरच्या दुधाचा डबा आणा.

काढलेलं दूध फ्रिजमध्ये चार दिवस राहतं, मी गरम पाण्यात भांडं ठेवून कोमट करते, गॅसवर नाही, आणि वाटी-चमच्याने पाजते, नातू मिटक्या मारत पितो. घरचं आम्ही बघतोय.

तुमच्या बातमीदाराने हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या कंपन्यांना एवढंच विचारून छापावं, पाळणाघर नेमकं कुठल्या बिल्डिंगमध्ये आहे आणि दूध काढायच्या खोलीला आतून कडी आहे का.

– एक आजी, कोथरूड, पुणे